माजी सैनिक खात्याच्या मंत्र्यांना खुले पत्र: सोळा आठवड्यांच्या शब्दाचं काय झालं?

माननीय मंत्रिमहोदय, ओटावा, कॅनडा
सादर नमस्कार.

मंगळवारी पुन्हा पत्र आलं. माझ्या यजमानांच्या भरपाईच्या अर्जावर दोन वर्षांत तिसऱ्यांदा तीच मागणी: कानांचा त्रास लष्करी सेवेमुळेच झाला, याचा पुरावा जोडा. पत्र कुठल्या कचेरीतलं ते इथे लिहीत नाही. सही करणाऱ्याशी माझं भांडण नाही.

हे २०१० साली कॅनडाच्या सैन्यातून अफगाणिस्तानात कंदाहारला होते. तिथल्या पंजवाई भागातल्या कच्च्या रस्त्यात पुरलेल्या बॉम्बवर त्यांची गाडी गेली. हे वाचले, शेजारी बसलेला पोरगा गेला. तेव्हापासून यांच्या डाव्या कानात रात्रंदिवस आवाज घुमतो. आमच्या घरात बारा वर्षं कुकर लागलेला नाही. शिट्टी झाली की हे जमिनीवर पालथे पडायचे, म्हणून मी वरणभात उघड्या पातेल्यात शिजवते. १ जुलैला, कॅनडा दिनी, गल्लीत फटाके सुरू झाले की आम्ही तळघरात पंखा लावून बसतो. बाबा वर कधी येणार, असं लेक जिन्यावरून विचारते. मंत्रिमहोदय, हे सगळं फॉर्मच्या कुठल्या रकान्यात भरू?

अर्जावर सोळा आठवड्यांत निर्णय, हा तुमच्याच खात्याचा शब्द. २०२२ साली महालेखापरीक्षकांनी तपासलं, तेव्हा पहिला अर्ज करणाऱ्याला ३९ आठवडे थांबावं लागत होतं. स्त्रियांना आणि फ्रेंच बोलणाऱ्यांना त्याहून जास्त. सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं आमच्याकडे म्हणतात. इथे नऊ महिने झाले, आणि आमची तर दोन वर्षं गेली.

१९१७ साली पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या विमीच्या लढाईआधी, कॅनडाचे पंतप्रधान बॉर्डन यांनी सैनिकांना वचन दिलं होतं की देश तुम्हाला विसरणार नाही. पुढे २००६ मध्ये सरकारने जखमींचं आयुष्यभराचं निवृत्तिवेतन काढून एकरकमी पैसे हातात ठेवले. अफगाणिस्तानातून परतलेले जखमी कोर्टात गेले, तर सरकारी वकील म्हणाले, बॉर्डन यांचं ते राजकीय भाषण होतं, बंधनकारक नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दार लावलं. २०१९ ला मासिक रक्कम परत आली, पण मधल्या तेरा वर्षांत किती संसार मोडले, ते कुणी मोजलं?

गरज सरो, वैद्य मरो, हीच या देशाची जुनी रीत आहे. बकम सिंग हा पंजाबी तरुण पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये तुमच्यासाठी दोनदा जखमी झाला. १९१९ साली ऑन्टारिओतल्या किचनर शहरात क्षयाने गेला. जगला असता तरी ब्रिटिश कोलंबिया प्रांतात भारतीय म्हणून त्याला मतदान करायला १९४७ उजाडावं लागलं असतं. दुसऱ्या महायुद्धात हाँगकाँगला १९४१ साली पाठवलेल्या कॅनडाच्या १,९७५ जणांतले जे जपानी युद्धकैदी छावण्यांतून जिवंत परतले, त्यांच्या हाती कॅनडा सरकारची भरपाई पडली १९९८ मध्ये. किती जण उरले होते तोवर? अफगाणिस्तानात कॅनडाचे ४०,००० हून जास्त जण गेले, १५८ सैनिक तिथेच संपले. उरलेल्यांनाही म्हातारे होईपर्यंत कागद गोळा करायला लावणार आहात का?

११ नोव्हेंबरला, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी, तुम्ही छातीवर लाल पॉपीचं फूल लावता. हेही लावतात. त्या दिवशी हे दोन मिनिटं उभे राहतात आणि मग दिवसभर बोलत नाहीत.

माझं मागणं एवढंच. आमची फाईल एकाच माणसाकडे द्या, स्फोटाची नोंद लष्कराकडून तुम्हीच मागवा, आणि निर्णय तारखेनिशी कळवा. पत्र मात्र माझ्या नावाने पाठवा. सरकारी लिफाफा दिसला की यांचे हात थरथरतात.

एका माजी सैनिकाची पत्नी,
ऑन्टारिओ