आईच्या पेटीतला पंचा

नर्सबाई,
सप्रेम नमस्कार.

आई गेली. परवा बारावं झालं. तिची पेटी आवरताना तळाशी नीट घडी घातलेला पंचा सापडला आणि इतकी वर्षं राहून गेलेलं हे पत्र लिहायला बसलो.

हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम देशात 2004 साली सुरू झाली. पुढच्या एका फेरीत तुम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर आलात. आदल्या वर्षीही कोणीतरी येऊन गेलं होतं. बाहेरूनच माणसं किती ते विचारलं, डीईसीच्या, म्हणजे हत्तीरोगावरच्या औषधाच्या, गोळ्या मोजून ओट्यावर ठेवल्या, वहीत खूण केली आणि गेलं. वहिनी तेव्हा पोटुशी होती, तिच्याही वाटणीच्या गोळ्या त्यात होत्या! गरोदर बाईला आणि 2 वर्षांखालच्या पोराला ही गोळी देत नाहीत, उपाशीपोटी घेत नाहीत, एवढं सांगायला किती वेळ लागतो? आम्ही त्या माडाच्या आळ्यात फेकल्या. बहुतेकांनी तेच केलं.

तुम्ही थेट पडवीत आलात. ‘‘आधी पेज जेवून घ्या, मी बसते,’’ म्हणालात. आई आतल्या खोलीत होती. डावा पाय गुडघ्यापर्यंत सुजून जड झालेला, त्यामुळे ती चारचौघांत येतच नसे. चवथीला शेजारच्या गणपतीलाही नाही. तुम्ही आत गेलात, घमेलंभर पाणी मागितलंत, जमिनीवर बसलात आणि तो पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलात.

साबण लावून सावकाश धुतलात. मग खुंटीवरचा पंचा घेऊन बोटांच्या बेचक्या एकेक करून टिपल्यात. आई भिंतीकडे तोंड करून रडत होती. तिला दाखवलं त्या डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच पाय पाहिला होता. आणि आम्ही पोटची मुलं, आम्हीही तो कधी हातात घेतला नव्हता. बाई, हे मला अजून सलतं.

तुम्ही खोटा धीर दिला नाहीत. गोळीने आईंची सूज उतरायची नाही, पण पाय रोज असा धुऊन कोरडा ठेवला, बेचक्यांत भेग पडू दिली नाही, तर पाय लाल होऊन ताप भरतो तो कमी होईल, असं सांगितलंत. ‘‘गोळी तुमच्यासाठी. पाय धड दिसतो म्हणून रक्तात जंतू नसतीलच असं नाही. डास तेच पुढच्याला नेऊन देतो.’’ आम्ही मोठ्यांनी तीन-तीन गोळ्या तुमच्यासमोर गिळल्या. रात्री मला ताप आला, डोकं ठणकलं. जंतू मरताना असं होतं हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरलो नाही. तरी सकाळी तुम्ही दारात हजर! शेजारणीने ते पाहिलं आणि दुपारी तिच्या घरच्यांनीही गोळ्या घेतल्या. मग बाकीच्या घरांनी. पत्रकं आमच्याकडे आधीही आली होती. माणसासारखं वागणारं माणूस तेवढं आलं नव्हतं.

त्या दिवसापासून आई रोज तिन्हीसांजेला, दिवा लावायच्या आधी, पाय धुवायची. ताप पुढे क्वचितच आला. पुढच्या चवथीला ती माझा हात धरून शेजारी आरतीला गेली, पाटावर बसली, भाज्यांचं खतखतं मागून घेतलं.

पंचा मी होता तसा परत ठेवला आहे. तुम्ही आता निवृत्त झाला असाल. कुठेही असलात तरी एकदा घरी या. आधी पेज जेवायची, मग बाकीचं बोलू.

तुमचा,
त्या घरचा धाकटा