जेएआयआयबी (बँक कर्मचाऱ्यांसाठीची परीक्षा) देणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्वांना नमस्कार.

ऑनलाइन अर्ज भरताना शक्य असेल तर चारही पेपर एकदमच घ्या. एरवी प्रत्येक पेपरला १०० पैकी ५० गुण लागतात. पण चारही पेपर एकाच प्रयत्नात दिले, तर प्रत्येकात किमान ४५ आणि एकूण सरासरी ५० टक्के असली तरी पास धरतात. अकाउंटिंगला घाबरणाऱ्यांना याचा मोठा आधार आहे. पास झालेला पेपर ठरलेल्या मुदतीत पुन्हा द्यावा लागत नाही, हेही लक्षात असू द्या.

निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीतच असते. खानापूर, निपाणीकडच्या मराठी माध्यमातल्या मंडळींनी विषय मराठीत समजून घ्यावा, पण सरावाचे प्रश्न इंग्रजीतूनच सोडवावेत. घसारा, ताळेबंद तुम्ही रोज शाखेत हाताळता, अडतं ते फक्त प्रश्न वाचताना. तिथे खरंच मेहनत घ्या.

रविवारी सकाळी १० वाजता टिळकवाडीत नेहमीच्या जागी अकाउंटिंगची गणितं घेणार आहोत. साधा कॅल्क्युलेटर आणा, मोबाइलवर सराव नको. कारवारहून बदली होऊन आलेल्या नव्या सभासदांनाही कृपया निरोप द्या.