शेवटच्या फर्लांगाची गाडी

चि. बेटीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तीन गाड्यांची नावं घेतलीस आणि मी नुसतं "बघू" म्हणालो. तुला वाटलं असेल, बाबांना हे पटलं नाही. तसं नाही माय. हा विषय दोन मिनिटांत उरकण्यासारखा नाही आणि फोनवर मला नीट बोलताही येत नाही. तीस वर्षं मी सरकारी जीप चालवली, तीही जास्त करून जिथे डांबर संपतं तिथून पुढे. त्यातलं जेवढं तुझ्या कामाचं आहे तेवढं लिहितो. आई मघापासून विचारते आहे, "काय लिहून राह्यले एवढं?" तिला म्हटलं, पोरीच्या गाडीचं लिहितो आहे. आता तीही जवळ येऊन बसली आहे.

तू मुळशीच्या पाण्यावर वल्हवायला शिकलीस आणि आता आपल्याकडच्या पाण्यावर उतरायचं म्हणतेस, याचा मला फार आनंद आहे. आपला भंडारा तलावांचा जिल्हा. लोक रेल्वेने येतात, वाघ बघतात आणि परत जातात, तलावाकडे कोणी बघत नाही. तुझे आजोबा मासे धरणाऱ्या ढिवरांच्या डोंग्यात बसून वैनगंगा ओलांडायचे. पाण्यावरून आपला मुलूख कसा दिसतो हे तू बघावंस असं मला मनापासून वाटतं.

पण गाडीआधी नाव, म्हणजे होडी कोणती ते ठरव. बारा फुटांची कडक प्लास्टिकची कयाक घेणार असशील तर एक गाडी लागेल, हवा भरून फुगवायची घेणार असशील तर दुसरी. कडक कयाकचं वजन पंचवीस किलोच्या आसपास भरतं, फुगवायची त्याहून बरीच हलकी असते आणि थैलीत बसते. आपल्याकडे बाभळीचे काटे फार, म्हणून फुगवायची नाव मला मनातून आवडत नाही. पण काठावर उतरण्याआधी जमीन झाडून घेतलीस, खाली जाड ताडपत्री टाकलीस तर चालेल. कडकच घ्यायची असेल तर एक गोष्ट आधी स्वतः करून बघ. कोणाच्या तरी गाडीच्या छपरावर ती एकटीने चढव. दिवसभर वल्हवून हात गळल्यावर, संध्याकाळी चढव.

तुझ्या तीन गाड्यांत मी सगळ्यात आधी हेच बघितलं. फोर्सची गुरखा पावणेसात फुटांहून उंच. महिंद्राची थार साधारण सहा फूट एक इंच. मारुतीची जिम्नी पाच फूट आठ इंच. तुझी उंची पाच फूट दोन इंच. गुरखाच्या टपावर नाव चढवायला तुला दरवेळी दुसरा माणूस लागेल आणि रानातल्या तलावावर दुसरा माणूस नसतो. थार कापडी छपराची घेतलीस तर वर नाव ठेवण्याचा प्रश्नच नाही. जिम्नीच्या छपराच्या कडेला जुन्या जीपसारखी पन्हळ आहे, रॅकचे पाय तिला धरतात. लांबीही मागच्या सुट्या चाकासकट तेरा फुटांची, म्हणजे बारा फुटांची नाव वर ठीक बसेल. मात्र छपरावर किती भार चालतो ते गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं, ते वाच. रॅकचं वजन त्यातच धरायचं. आणि पांदणीवर गाडी हेलकावते तेव्हा वरचा भार तिला बाजूला ओढतो, म्हणून छापलेल्या आकड्याच्या बरंच आत राहा.

आता जमिनीचं. पुण्याच्या दुकानात गाडी बघताना तुला ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर ते सांगतील. थारचा २२६ मिलिमीटर, जिम्नीचा २१०. या सोळा मिलिमीटरने आपल्याकडे फार काही ठरत नाही. ठरतं ते मातीने. तुझ्या आजोबांना पायाखालची माती डोळे मिटून ओळखता यायची. कन्हार म्हणजे काळी, भारी, चिकट. मोरांड तिच्याहून जरा हलकी. सिहार पिवळसर, रेतीची. बरडी मुरमाड. बरडीवर आणि मुरमावर पावसातही साधी गाडी जाते. कन्हार ओली झाली की चाकाची नक्षी कितीही खोल असली तरी दोन फेऱ्यांत भरून जाते आणि टायर गुळगुळीत लाडवासारखा होतो. मग चारही चाकं नुसती जागेवर फिरतात. अशा वेळी जड गाडी खाली बसते आणि हलकी गाडी निदान ढकलता येते. जिम्नीचं वजन १,२०० किलोच्या आसपास आहे, गुरखाचं दोन टनांहून जास्त. गुरखा दमदार गाडी आहे, पुढचे-मागचे दोन्ही डिफरन्शियल लॉक होतात, म्हणजे एक चाक नुसतं फिरलं तरी दुसऱ्याला जोर मिळतो, आणि इंजिनात हवा घेणारी उंच नळी कारखान्यातूनच मिळते. डोंगरात ती मला हवीशी वाटली असती. पण आपल्या धानाच्या बांधीत दोन टन रुतले तर ट्रॅक्टरशिवाय निघत नाहीत, आणि कापणी-मळणीच्या दिवसांत कोणाचा ट्रॅक्टर मोकळा नसतो.

म्हणून माझं मत जिम्नीकडे झुकतं. ताडोबात ज्या जिप्सीत तू लहानपणी बसली होतीस, त्याच घराण्यातली ही. जिप्सी १९८५ साली आली आणि तीस वर्षांहून जास्त काळ चालली, ती याच गुणावर: हलकी, सरळ, खाली मजबूत चौकट, पुढे-मागे अखंड आस. जिम्नीत तेच आहे. मुख्य म्हणजे तिला हळू चालायचा वेगळा गिअर आहे, ज्याला फोर-लो म्हणतात. काठावरच्या उतारावर, दगडांत, रेतीत तोच कामी येतो. पायाखालची गाडी मुंगीच्या चालीने जाते आणि ब्रेकवर पाय न ठेवताही उतार उतरते. थार घ्यायचीच झाली तर नीट विचारून घे, कारण २०२३ पासून मागच्याच चाकांना ओढ असलेली थारही विकतात. दिसायला सारखी, पण तुझ्या कामाची नाही. आणि फोर-व्हील कोरड्या डांबरावर लावायचं नाही, वळताना चाकांची ओढाताण होते आणि गिअरपेटीचा जीव जातो.

वैनगंगेच्या रेतीत उतरशील तेव्हा चाकांतली हवा अठरा पीएसआयच्या आसपास उतरव. चाकाचा तळवा पसरतो आणि गाडी रेतीवर तरंगते. डांबरावर आल्याबरोबर परत भर, त्यासाठी छोटा हवेचा पंप गाडीतच ठेव. एक फावडं, एक चांगला ओढायचा पट्टा आणि गाडीला पुढे-मागे पक्के हुक, एवढं असू दे. बाकी सजावटीवर पैसे घालू नकोस, ते पैसे चांगल्या लाइफ जॅकेटवर घाल.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी तुला कधी सांगितली नव्हती. तू तिसरीत असशील. श्रावणातली रात्र, माझ्या जीपमध्ये एक बाळंतीण आणि तिची सासू. मध्ये नाल्यावर रपटा होता, त्यावरून पाणी चाललं होतं. फार नव्हतं, गुडघ्याच्या वर. दिवसा चार वेळा मी तो रपटा ओलांडला होता. उतरून बघितलं नाही, सरळ गाडी घातली. मधोमध रपट्याचा तुकडा वाहून गेला होता. पुढचं चाक खड्ड्यात गेलं, बॉनेटवर पाण्याची लाट आली आणि हवेच्या नळीतून पाणी इंजिनात शिरलं. डिझेल इंजिन एका झटक्यात थांबलं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन पुन्हा चालूच होत नाही. पलीकडच्या गावातल्या लोकांनी दोन बैलजोड्या आणून आम्हांला ओढून काढलं. बाळंतीण सुखरूप पोचली, बंडीतून. तो नाला मी आजही विसरलो नाही.

थारसाठी ६५० आणि गुरखासाठी ७०० मिलिमीटर पाण्यातून जाता येतं असं छापलेलं आहे. वाहत्या पाण्याला ते आकडे लावू नकोस. काठी घेऊन आधी पायी चालून बघ. पायी जायची भीती वाटली तर गाडीही घालायची नाही. पाऊस नसतानाही सावध राहा. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. ते उघडले की खाली पाणी चढतं. २०२० च्या ऑगस्टअखेर आपल्या जिल्ह्यापासून गडचिरोलीपर्यंत पुराने काय झालं ते तुला ठाऊक आहे. त्यामुळे धरणाच्या खालच्या वैनगंगेत गाडी रेतीत उभी ठेवून वल्हवायला निघून जायचं नाही. गाडी काठावरच, उंचावर.

गाडी कुठे थांबवायची हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांची पाळ मातीची आहे. दिसायला ती रस्त्यासारखी रुंद आणि सपाट असते, आणि थेट पाण्याला लागून. तिच्यावर गाडी घालू नकोस. चाकाची चाकोरी पडली की पावसाळ्यात पाणी तिथूनच वाट शोधतं आणि पाळ फुटली तर खालच्या सगळ्या बांध्यांतलं धान जातं. नोव्हेंबरच्या आधी बांधीतूनही नको, धान उभं असतं. गाडी गावात कोणाच्या तरी अंगणात लाव, नाव खांद्यावर किंवा दोन चाकांच्या छोट्या गाड्यावर ने. तो शेवटचा फर्लांग पायीच जायचा. तलावात ढिवरांच्या संस्थेची मासेमारी असते, कुठे शिंगाड्याचे वेल असतात. उतरण्याआधी त्यांना विचार, जाळी कुठे लावली ते समजून घे. एकदा त्यांची ओळख झाली की तुला कसल्याच नकाशाची गरज नाही. वनखात्याच्या हद्दीतल्या पाण्यात परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही. पवनीच्या जंगलाकडे तर सूर्य कलला की निघायचंच, वाघ आणि अस्वल दोन्ही पाण्यावर येतात.

मे महिन्यात नाव टपावर बांधून उन्हात उभी ठेवू नकोस. आपल्या पंचेचाळीस अंशांत प्लास्टिक मऊ पडतं आणि पट्टा घट्ट असेल तिथे नाव आत दबते. पट्टे साधे चापाचे घे, दात्यांनी आवळायचे नकोत. पुढून-मागून दोरी गाडीच्या हुकांना बांध.

आणि आता ते, ज्यासाठी खरं तर मी लिहायला बसलो. तुझ्या मामाचं जुनं गाव आठवतं? गोसेखुर्दच्या पाण्यात गेलं तेव्हा तू लहान होतीस. त्या गावाचा डांबरी रस्ता अजून आहे. बाभळींतून जातो आणि सरळ पाण्यात उतरतो. दोन वर्षांपूर्वी मी मामासोबत तिथे जाऊन आलो. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकतं, तेव्हा सगळीकडे गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून वाळलेला दिसतो, भेगाही पडलेल्या असतात, पण पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत. गाडी तर गेलीच. तो जुना रस्ता मात्र खालून खडीचा आहे, पक्का. इतकी वर्षं धरण बघतो आहे, गाडी पाण्यापर्यंत सुखरूप नेता येईल अशी एवढीच एक जागा मला सापडली. तरी मोरीच्या कठड्याच्या आत राहा, कडेचं डांबर खचलेलं आहे. नागपूरची नाग नदी कन्हानमधून याच पाण्यात येते, म्हणून जलपर्णी दिसली तिकडे जाऊ नकोस आणि पाणी तोंडात जाऊ देऊ नकोस. रस्त्यापासून पाण्यात शंभर हातांवर वाळलेल्या झाडांचे बुंधे उभे आहेत. डावीकडची तीन चिंचेची, ती तुझ्या आजीच्या अंगणासमोरची. आई म्हणते, तिला तिथवर घेऊन जा. तिला पोहता येत नाही, म्हणून दोघींच्या बसण्याची नाव बघ आणि तिच्या मापाचं जॅकेट आण.

गाडीच्या पैशांचं माझं मी बघते म्हणतेस, पण पहिल्या हप्त्याला माझ्या ग्रॅच्युइटीतले थोडे पैसे मी बाजूला ठेवले आहेत. नाही म्हणू नकोस.

डिसेंबरात पाणी अजून वर असतं, ऊनही सोसतं. येण्याआधी आठ दिवस कळव. त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी बाभळी आत आल्या आहेत, तुझ्या छपरावरच्या नावेला लागतील. मी आणि मामा जाऊन तोडून ठेवतो.

तुझा,
बाबा