८९४ जणांचा माग

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. कडक हुकूम निघाला, रस्त्यावर सैन्य उतरले आणि लोक घरात डांबले गेले की कोणताही देश जीवघेणी साथ आटोक्यात आणू शकतो, असे तू ठामपणे लिहिले आहेस. मला ते पटत नाही. का पटत नाही, हे सांगण्यासाठी २०१४ सालचे नायजेरियाचे उदाहरण घेतो. कारण त्या वर्षी पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ हाताबाहेर गेलेली असताना ज्या देशाबद्दल जगाला सर्वाधिक धास्ती होती, तो देश तीन महिन्यांत साथमुक्त झाला.

२० जुलैला लायबेरियाहून विमानाने आलेला एक प्रवासी नायजेरियातील लागोस शहराच्या विमानतळावर कोसळला. शहराची लोकसंख्या सुमारे २ कोटी, वस्ती दाट आणि वाहतूक अखंड. योगायोग असा की सरकारी डॉक्टरांचा संप चालू असल्याने त्याला एका खासगी रुग्णालयात नेण्यात आले. आपला इबोलाच्या रुग्णाशी संबंध आलेला नाही, असे तो सांगत होता आणि सुरुवातीला उपचारही मलेरियाचेच झाले. परंतु तेथील वरिष्ठ डॉक्टर अमेयो स्टेला अडाडेवो यांना शंका आली. त्यांनी तपासणीसाठी नमुने पाठवले आणि रुग्णाला एका परिषदेला जायचे आहे, त्याला सोडा, असा लायबेरियाच्या अधिकाऱ्यांचा दबाव येत असतानाही त्याला रुग्णालयाबाहेर पडू दिले नाही. तो २५ जुलैला वारला.

येथपर्यंतची हकीकत एका निग्रही बाईची आहे आणि वर्तमानपत्रांनाही तीच आवडली. मला मात्र तिच्यानंतरचा कंटाळवाणा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. पोलिओ निर्मूलनासाठी नायजेरियाने २०१२ साली आपत्कालीन कार्यकेंद्र उभारले होते. कोणाचे काम काय, निर्णय कोणी घ्यायचा, घरोघरी जाणाऱ्यांचा नकाशा कसा आखायचा, ही सगळी घडी तेथे आधीच बसलेली होती. तीच रचना इबोलासाठी वापरली गेली आणि पोलिओ केंद्राचे उपप्रमुख फैसल शुऐब यांच्याकडेच या मोहिमेची सूत्रे आली. लागोसच्या विद्यापीठ रुग्णालयातील विषाणू प्रयोगशाळाही निदान करण्याइतकी सक्षम होती, त्यामुळे नमुने परदेशी पाठवून उत्तराची वाट पाहत बसण्याची वेळ आली नाही. राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी आणीबाणी जाहीर करून १.९ अब्ज नायरा (तेथील चलन) मंजूर केले ते ८ ऑगस्टला. माग काढणारी माणसे त्याआधीच दारोदार फिरू लागली होती.

इबोलाची लक्षणे दिसायला २ ते २१ दिवस लागतात आणि लक्षणे दिसेपर्यंत रोग पसरत नाही. म्हणूनच बाधिताच्या संपर्कात आलेला प्रत्येक माणूस हुडकून २१ दिवस रोज त्याचा ताप पाहणे, हा लस नसलेल्या त्या काळातला खरा उपाय होता. अशी ८९४ माणसे शोधली गेली आणि त्यांच्या सुमारे १८,५०० प्रत्यक्ष भेटी झाल्या. तू आकडेमोडीचा माणूस आहेस, म्हणून ८९४ ला २१ ने गुणून पाहा: १८,७७४ येतात. हिशेब ढोबळ आहे, पण फारच थोडे दिवस चुकले असावेत, एवढे त्यावरून दिसते.

एक मात्र निसटला. निगराणीखालील एक जण गुपचूप पोर्ट हारकोर्टला गेला आणि तेथे एका डॉक्टरने त्याच्यावर हॉटेलात उपचार केले. रुग्ण वाचला, डॉक्टर दगावला, आणि त्या शहरात आणखी पाचशेहून अधिक लोकांच्या मागावर राहावे लागले. तो का पळाला असेल? रोगाच्या भीतीपेक्षा कोंडले जाण्याची भीती मोठी असेल, असा माझा तर्क आहे. भीतीचे दुसरे रूप म्हणजे मिठाचे पाणी प्यायले की इबोला होत नाही, ही अफवा. ते पिऊन दोघांचा जीव गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेला सांगावे लागले. अफवा खोडणे हेही मोहिमेचेच काम झाले.

आता तुझ्या सैन्याकडे येतो. त्याच ऑगस्टच्या २० तारखेला लायबेरियाची राजधानी मन्रोव्हियात वेस्ट पॉइंट ही गरीब वस्ती पोलीस आणि सैनिकांनी वेढून टाकली. दंगल झाली, गोळीबार झाला, एक मुलगा मेला आणि दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. पोटापाण्यासाठी रोज बाहेर पडणाऱ्या माणसाला अन्नाची सोय न करता डांबले, तर तो भिंत चढणारच; आणि घरात कोणी आजारी असेल, तर ते लपवणारच. लपवलेल्या रुग्णाचा माग कोण काढणार?

न्याय म्हणून एवढे मान्य करतो की नायजेरियात आलेला रुग्ण एकच होता आणि तो कोण, हे लगेच कळले. लायबेरियात रोग उघड होईपर्यंत साखळ्या अनेक झाल्या होत्या. तुलना पूर्णपणे समान नाही. पण म्हणूनच पहिल्या आठवड्याचे मोल मी इतके मानतो.

नायजेरियात एकूण २० जणांना लागण झाली आणि ८ जण दगावले. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या २१ दिवसांच्या उष्मायन काळाची दुप्पट, म्हणजे ४२ दिवस, नवा रुग्ण न आढळल्यावर २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. डॉक्टर अडाडेवो त्या दिवशी नव्हत्या. त्या पहिल्या रुग्णाकडूनच त्यांना लागण झाली होती आणि १९ ऑगस्टला त्यांचे निधन झाले.

तुझे उत्तर सविस्तर येऊ दे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव