विधवेच्या दोन टोल्या

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे छायाचित्र मिळाले. भाच्याने यरुशलेमहून आणलेले नाणे मार्काच्या शुभवर्तमानातल्या गरीब विधवेने मंदिरात दान म्हणून टाकले तसलेच आहे का, आणि कापणीच्या सणाच्या उपासनेत दानार्पणाआधी ते मंडळीला दाखवावे का, असे तू विचारतोस. पहिल्याचे उत्तर सोपे आहे, दुसऱ्यावर मात्र तुझ्याशी थोडा वाद घालावा लागेल.

एका बाजूला नांगर (जहाजाचा, शेतातला नव्हे) आणि दुसऱ्या बाजूला आठ किरणांचा तारा, म्हणजे हे नाणे हासमोनी या यहुदी घराण्यातला राजा अलेक्झांडर यान्नेयस याचे. त्याने इ.स.पू. १०३ ते ७६ या काळात राज्य केले आणि तो महायाजकही होता. मऊ चुनखडीत कोरलेल्या साच्यात ब्राँझच्या चकत्यांची माळ ओतायची, तिच्यावर ठसे मारायचे आणि मग चकत्या तोडून वेगळ्या करायच्या, अशी ती पद्धत होती; तुझ्या नाण्याच्या कडेला दिसणारा तुटका कोपरा हा त्या तोडण्याचा. अशी नाणी उदंड सापडली आहेत, त्यामुळे ते अस्सल असण्याची शक्यता भरपूर आहे. शंभर वर्षांनंतरही, येशूच्या काळात, ती बाजारात फिरत होती. मार्काने नाण्यावरचे चित्र सांगितलेले नाही. चलनातले सर्वांत क्षुल्लक नाणे हेच, म्हणून अभ्यासक त्याच्याकडे बोट दाखवतात, एवढेच.

किंमत मात्र मार्क सांगतो: दोन टोल्या, म्हणजे तिने टाकलेली दोन चिमुकली नाणी, मिळून एक क्वाड्रन्स हे रोमी नाणे. असे चौसष्ट क्वाड्रन्स झाले की एक दिनार होई, आणि मत्तयाच्या विसाव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्यात दिवसभराची मजुरी एक दिनार ठरली होती. बारा तासांचा दिवस धरला, तर तिच्या दोन्ही नाण्यांची मिळून जेमतेम अकरा मिनिटांची मजुरी होते. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात वर्णन आहे त्याप्रमाणे मंदिरात रणशिंगाच्या आकाराच्या तेरा दानपेट्या होत्या. मंदिराचा वार्षिक कर, अर्धा शेकेल, सोर शहराच्या चांदीच्या नाण्यांत भरावा लागे, ज्यांच्यावर मेलकार्त या परक्या देवाचे मुख आणि गरुड होता. तिच्या ब्राँझवर मात्र ना माणूस, ना प्राणी. स्त्रियांवर त्या कराची सक्तीही नव्हती. तिने टाकले ते केवळ स्वखुशीचे, आणि नाणी दोन असल्यामुळे एक मागे ठेवण्याची मुभा तिला होती.

आता तुझा दुसरा प्रश्न. आपल्याकडे हा उतारा नेहमी बेचाळिसाव्या वचनाच्या आसपास सुरू होतो, चव्वेचाळिसाव्याला संपतो आणि लगेच दानाची थैली फिरते. तू मार्काचा बारावा अध्याय अडतिसाव्या वचनापासून वाच. लांब झगे घालून मिरवणारे आणि विधवांची घरे गिळंकृत करणारे शास्त्री, म्हणजे यहुदी नियमशास्त्राचे शिक्षक, यांच्याविषयी येशू सावध करतो, आणि पुढच्याच ओळींत एक विधवा आपली सर्व उपजीविका त्याच मंदिराच्या पेटीत टाकताना दिसते. त्यानंतर तो बाहेर पडतो आणि शिष्यांना सांगतो की या इमारतीचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही; पुढे इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने मंदिर जाळले. “तुम्हीही असेच करा” असे तो या ठिकाणी म्हणत नाही. सातव्या अध्यायात तर, आईबापांच्या हक्काचे ते ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहण्याच्या प्रथेवर त्याने कडक टीका केली आहे. अ‍ॅडिसन राइट या कॅथलिक अभ्यासकाने १९८२ साली हाच मुद्दा मांडला: येथे स्तुतीपेक्षा खेदच अधिक आहे.

मला राइटचे म्हणणे बरेचसे पटते, सगळे नाही. इतरांनी समृद्धीतून टाकले आणि हिने कमताईतून, ही तुलना येशूने शिष्यांना मुद्दाम जवळ बोलावून ऐकवली. त्यात तिच्याविषयी आदर नाही असे म्हणणे म्हणजे ओढाताण होय. पण तिचा आदर करणे वेगळे आणि आपल्या मंडळीतल्या, पेन्शनवर जगणाऱ्या एखाद्या म्हातारीपुढे तिचे उदाहरण ठेवून थैली फिरवणे वेगळे. म्हणून नाणे जरूर दाखव, मुलांच्या हातातही दे, पण दानार्पण उरकल्यावर. आणि चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीतल्या सभासदांना त्या रविवारी पुढच्या बाकावर बसव, कारण हा उतारा पेटीत टाकणाऱ्यांइतकाच पेटीची किल्ली सांभाळणाऱ्यांसाठी आहे.

नाणे लिंबाने किंवा चिंचेने घासू नकोस. ब्राँझवरचा हिरवट थर गेला तर ताराही जाईल. ताऱ्याच्या बाजूचे छायाचित्र तिरप्या उजेडात पुन्हा काढून पाठव; किरणांच्या मधल्या जागेत इब्री अक्षरे उरली आहेत का ते पाहायचे आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विजय