दाढीच्या पुटकुळ्या आणि ‘लाइट थेरपी’

मा. संपादक,
स. न.

‘दाढीच्या पुटकुळ्यांवर लाइट थेरपी’ अशा जाहिराती सध्या ब्यूटी पार्लरांच्या पाट्यांवर सर्रास दिसतात. सुरक्षारक्षकाच्या नोकरीत रोज गुळगुळीत दाढी करावी लागल्याने अनेक वर्षे मानेवर हा त्रास सोसलेला आणि अशाच एका पार्लरमध्ये भाजून घेतलेला माणूस म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हा त्रास मुळात जंतुसंसर्गाचा नाही. कुरळा केस वस्तऱ्याने कापला की त्याचे टोक अणकुचीदार होते, वाढताना ते वळून पुन्हा कातडीत शिरते आणि काटा रुतल्यावर यावी तशी तेथे सूज येते. म्हणूनच मुरुमांच्या जिवाणूंवर काम करणाऱ्या निळ्या एलईडी दिव्याने यातले मूळ कारण दूर होत नाही. केसाचे मूळच निकामी करणारा लेझर मात्र उपयोगी पडतो. पण कोणता लेझर, हा कळीचा प्रश्न आहे. केसातले मेलॅनिन (केसांना व कातडीला काळा रंग देणारे द्रव्य) प्रकाश शोषून तापते व मूळ जळते, परंतु तेच मेलॅनिन आपल्या सावळ्या कातडीतही असते.

पार्लरमध्ये ‘लेझर’ म्हणून माझ्यावर जे वापरले गेले ते आयपीएल, म्हणजे अनेक तरंगलांबींच्या झगझगीत प्रकाशाचे यंत्र होते. दुसऱ्या दिवशी गळ्याच्या घाटीभोवती त्या यंत्राच्या काचेच्या आकाराचे चौकोनी चट्टे उठले. ते काळे पडले आणि फिकट व्हायला आठ महिने गेले.

पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी आधी महिनाभर वस्तरा बंद करायला लावून १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग नावाचा लेझर दिला. हा प्रकाश खोल जातो आणि वरच्या कातडीतले मेलॅनिन तो कमी शोषते, त्यामुळे सावळ्या त्वचेला तो अधिक सुरक्षित ठरतो. वाढीच्या अवस्थेतलेच केस त्याला दाद देत असल्याने चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका घ्याव्या लागतात, आणि पांढऱ्या केसांवर त्याचा परिणाम होत नाही, हेही त्यांनी आधीच स्पष्ट केले. सहाव्या बैठकीनंतर माझ्या शर्टाच्या कॉलरला रक्ताचे ठिपके पडणे थांबले.

यंत्राचा प्रकार, तरंगलांबी आणि ते चालवणाऱ्याची पात्रता जाहिरातीत छापणे आरोग्य खात्याने सक्तीचे करावे. तसेच, ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांना डॉक्टरांच्या दाखल्यावर ट्रिमरने राखलेली बारीक दाढी ठेवू द्यावी, अशी माझी सर्व सुरक्षा संस्थांच्या मालकांना कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, ठाणे