शालू, नात झाली

शालू,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही, आणि आता एकदम चार पानं. शिव्या घालून झाल्या की वाच. माझा गुडघा आहे तसाच, साखर गोळ्यांवर.

नात झाली. सिझर. बाळ-बाळंतीण ठीक. एवढं सगळ्यांना व्हॉट्सॲपवर कळवलंय. पुढचं फक्त तुला.

रात्री दोनला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "बाळाचे ठोके कमी होताहेत, सिझर करावं लागेल." जावयानं सही केली, मी मान डोलावली. अगं, सव्वीस वर्षं उपकेंद्रात बायकांच्या पोटावर नळी ठेवून ठोके मोजले मी. १२० ते १६०, झोपेतून उठवलंस तरी सांगेन. पण "किती झालेत?" एवढंसुद्धा तोंडातून फुटलं नाही. खरंच कमी झाले असतील. नसतीलही. २०१९-२१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यात शंभरातली जवळजवळ ९५ बाळंतपणं दवाखान्यात, आणि चारातलं एक सिझर. पहिल्या आकड्याला मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या, त्यात माझ्याही होत्या.

तुला सुईण आज्जी आठवली असणार. मलाही. सरकारी पेटीतला स्टीलचा ट्रे तिनं पानसुपारीला लावला होता, आणि बाळंतपणातल्या 'पाच स्वच्छता' म्हणताना दर वेळी चौथीवर अडायची! पण नाळ कापायला विळा टाकून ब्लेड तिनं पहिल्याच दिवशी धरलं, हे कबूल. २००५ ला जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यात बाळंत झालं की गरीब बाईला ७०० रुपये. तेव्हा तिच्याच अंगणात उभं राहून मी बायकांना सांगितलं, सुईणीकडं जायचं नाही. तू वर्षभर बोलली नाहीस. फराळाचा डबा न उघडता परत धाडलास. चकल्या मी एकटीनं संपवल्या. पण वरच्या आळीतली ती रात्र, ट्रॉलीत रक्तानं भिजत चाललेली गोधडी, तूही विसरली नसशील. त्या बोलण्यावरून मी आजही मागं हटणार नाही.

सलतंय ते वेगळंच. तिसऱ्या दिवशी पोरगी म्हणाली, "आई, सहा तास भिंतीवरचं घड्याळ बघत पडले होते. तू आत का नाही आलीस?" म्हटलं, सोडत नाहीत गं. म्हणता म्हणता आरोग्य केंद्राचं दार डोळ्यांसमोर आलं. आज्जी कळा देणाऱ्या पोरीचा हात धरून आत यायला निघायची, आणि मी म्हणायची, "म्हातारे, बाहेर बस." बसायची बिचारी, पायरीवर, उजाडेपर्यंत. २०१६ ला सरकारनंच कळवलं, बाळंतिणीजवळ तिची एक बाई असू द्या म्हणून. तेव्हा आज्जीला जाऊन चार वर्षं झाली होती. मी तो कागद फाइलला लावला.

कळा आल्या की कमरेवर ती नेमकं कुठं दाबायची गं? तुला शिकवलं होतं ना तिनं?

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? सुनेशी बोलतेस की अजून रुसवाच? पुरे कर. बारशाला ये, दोन दिवस आधीच. येताना गावचा डिंक आण, इथला तुपात फुलतच नाही.

तुझी
विजू